रोहा ते परळ : स्तनांच्या कर्करोगातील दानाचा हिशेब

ऑक्टोबर हा जगभर स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना मानला जातो आणि आपली दिवाळी बहुतेक वर्षी त्याच्याच आगेमागे येते. गुलाबी फिती आणि आकाशकंदील एकाच वेळी दुकानात लागतात. याच दिवसांत मदतीची आवाहनेही येतात आणि आपल्यापैकी पुष्कळ जण काही ना काही देतात. दिलेले पैसे नेमके कुठे पोहोचतात, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. देणाऱ्याने हिशेब विचारू नये, असा आपल्याकडचा संकेत आहे. या लेखात तो संकेत बाजूला ठेवायचा आहे. रोहा तालुक्यातील एखाद्या बाईला स्तनांचा कर्करोग झाला, तर तिच्या वाटेवर सरकार कुठवर सोबत करते, ती सोबत कुठे सुटते आणि तिथे दानाने काय करायला हवे, एवढाच विषय आहे. मी डॉक्टर नाही. उपलब्ध कागदपत्रे वाचणे आणि त्यांचा मेळ आपल्या मुलखाशी घालून पाहणे, इतकेच माझे काम.

आधी आजाराचा आवाका पाहू. भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. वास्तविक हा लवकर सापडला तर बहुतांशी बरा होणारा आजार आहे. तरीही आपल्याकडे मृत्यू इतके जास्त, कारण अनेक बायका रुग्णालयाच्या दारात पोहोचतात तेव्हा गाठ मोठी झालेली असते, काखेपर्यंत पसरलेली असते. उपचार उपलब्ध असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ जीव घेतो. दानाचा विचार करताना ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागेल.

हिरा, धर्मशाळा आणि भाजी-पोळी

महाराष्ट्रातील कर्करोगविषयक दानाचा इतिहास एका बाईच्या मृत्यूपासून सुरू होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वर्षभरात दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी एक निधी स्थापन केला, आपली बाकीची सारी मालमत्ता दुसऱ्या विश्वस्तनिधीकडे सोपवली आणि १९३२ मध्येच तेही निवर्तले. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा प्रसिद्ध होता. १९२४ मध्ये पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा दोराबजींनी आपली खासगी संपत्ती बँकेकडे तारण ठेवली, त्यात हे दागिनेही होते. पुढे हीच संपत्ती विश्वस्तनिधीत आली आणि त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. सुरुवातीला तिथे ८० खाटा होत्या.

या घटनेकडे केवळ श्रीमंतांचे औदार्य म्हणून पाहू नये. घरातील आजारासाठी बाईचे दागिने गहाण पडणे ही गोष्ट आपल्या गावोगावच्या सोनारांना काही नवी नाही. एका घरची सोन्याची ठेव हजारो घरांच्या उपयोगी पडली, हा परळमधला वेगळेपणा.

१९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने हे रुग्णालय आपल्याकडे घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. इथे दानाची भूमिका बदलली. इमारत, यंत्रे आणि पगार ही सरकारची जबाबदारी झाली, आणि दान रुग्णालयाच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. तिथे गरजही तशीच होती. दूरदूरहून आलेली माणसे पदपथावर झोपत होती. नाना पालकर यांच्या निधनानंतर १९६८ मध्ये स्थापन झालेल्या स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन परळलाच आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. आयुष्यभर माणसांना राहायला छप्पर मिळावे म्हणून धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांचे नाव कर्करोगाच्या रुग्णांसाठी चालावे, यात एक औचित्य आहे. हरखचंद सावला यांच्या ‘जीवन ज्योत’ने रुग्णालयाच्या आसपास रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना रोजचे जेवण देण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले.

याच्या जोडीला तिसरा प्रवाह रुग्णांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थांचा. डॉ. दा. ज. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी काढली. भारतात किती जणांना कोणता कर्करोग होतो हे मोजणारी पहिली लोकसंख्याधारित नोंदणी याच संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या पेटंटला या संस्थेने हरकत घेतली होती. तो वाद १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रुग्णांच्या बाजूने संपला. देणगीच्या पैशातून औषधाच्या बाटल्या वाटता येतात, तशी औषध सगळ्यांनाच स्वस्त राहावे म्हणून कायद्याची लढाईही लढता येते, हे त्यावरून दिसले. व्ही केअर फाउंडेशन १९९४ मध्ये स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी सुरू केले. स्तनांच्या व स्त्रियांच्या इतर कर्करोगांसाठी टाटा रुग्णालयाशी जोडलेला ‘विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम २००३ मध्ये आला.

म्हणजे परळच्या त्या एका चौकात दानाचे तीन प्रकार शेजारीशेजारी दिसतात : संस्था उभी करणारे, छप्पर-जेवण देणारे आणि रुग्णाचा हात धरणारे.

योजना कुठवर पुरते

पुष्कळांना वाटते, सरकारी योजना आहे, मग देणग्या कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रायगडकरांकडे इतरांच्या आधीपासून आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, ती पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्ह्यांत. रायगड त्यांपैकी एक. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. स्तनाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार हे तिन्ही तिच्यात बसतात. रुग्णालयातील जेवण आणि घरी परतण्याचे एक वेळचे भाडेही तिने धरलेले आहे.

दुसरी तरतूद कायद्याची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ४१ क-क कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, करसवलतीच्या बदल्यात आलेले बंधन आहे. उत्पन्नाचा दाखला हातात घेऊन हा हक्क मागता येतो, हे गावातील चार लोकांना माहीत असणे हीसुद्धा मोठी मदत ठरते.

आता ही वाट रोह्याच्या बाजूने चालून पाहू. चणेरे किंवा कोलाडकडच्या एखाद्या गावातील बाई डोळ्यांसमोर आणा. आंघोळ करताना गाठ हाताला लागली. दुखत नाही, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. लावणी झाली, गणपती झाले. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात कामाला असेल तर हंगाम संपेपर्यंत विषयच निघणार नाही. मग रोह्याचे डॉक्टर, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीसाठी अलिबाग अथवा पनवेल, मग गाठीचा तुकडा तपासायला पाठवणे, आठवड्याने अहवाल आणायला पुन्हा खेप. या सगळ्यात योजना अजून सुरूच झालेली नाही. ती निदान पक्के होऊन उपचार मंजूर झाल्यावर हात पुढे करते. पहिला सुटलेला सांधा हा, आणि बायका सर्वांत जास्त गळतात त्याही इथेच.

उपचार सुरू झाल्यानंतरचा हिशेबही मांडू. हा माझा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक रुग्णाचे गणित वेगळे असते. निदानापर्यंत पाच खेपा. केमोचे आठ डोस, दर २१ दिवसांनी, म्हणजे साधारण सहा महिने. प्रत्येक डोसाआधी रक्ताची तपासणी धरली तर सोळा दिवस. शस्त्रक्रियेचा मुक्काम आणि जखमेच्या तपासणीच्या चार-पाच खेपा. किरणोपचार, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, ते सोमवार ते शुक्रवार रोज, तीन आठवडे. बेरीज चाळिसाच्या घरात जाते. बाई एकटी जात नाही, म्हणून ती दुप्पट करायची. ज्या घरात दोघे रोजंदारीवर आहेत, तिथे प्रत्येक खेपेला दोन मजुऱ्या बुडतात.

प्रवासाला सवलती आहेत. रुग्णालयाच्या दाखल्यावर कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते, स्लीपरचा प्रवास पूर्ण मोफत होतो, सोबत्यालाही ७५ टक्के सूट असते. एसटीत सवलत आहे. पण रोहा-दिवा गाडीचे तिकीट हा या खर्चातील लहान भाग. गावातून स्टेशनपर्यंतची रिक्षा, केमोनंतर उलट्या होत असताना गर्दीतून येणे अशक्य म्हणून केलेली गाडी, शेकाच्या तीन आठवड्यांची मुंबईतली राहण्याची सोय, घरी शाळेत जाणाऱ्या मुलांना डबा कोण करणार, हा सगळा दुसरा सांधा. रायगडच्या रुग्णाला एक गोष्ट सोपी झाली आहे. टाटा केंद्राचे खारघरचे संकुल आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे आणि पनवेलहून लोकलने तिथे जाता येते. तरीही कोणाला कुठे पाठवायचे हे आजार ठरवतो, नकाशा नव्हे.

कमी खर्चाचे विज्ञान

इथे संशोधनासाठी दिलेल्या पैशाचा विचार करायला हवा. संशोधनाला देणगी म्हणजे दूरच्या प्रयोगशाळेतील काहीतरी, असे वाटते. प्रत्यक्षात ते खेपांच्या हिशेबाशी थेट जोडलेले आहे. पूर्वी शेकाचे २५ दिवस असत, पाच आठवडे. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांनी दाखवले की अनेक रुग्णांना १५ दिवस पुरतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीने निवडक रुग्णांसाठी पाच दिवसांचा मार्ग समोर ठेवला. २५ वरून १५ म्हणजे रोह्याच्या कुटुंबाच्या दहा दिवसांच्या मजुऱ्या वाचल्या. कोणत्याही एका देणगीदाराला हे करता आले नसते.

टाटा रुग्णालयाचे स्वतःचे काम याच दिशेने आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत १,६०० स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीच्या भोवती भूल देण्याचे साधे लिग्नोकेन औषध टोचले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध असे, की दात काढतानाही ते वापरतात. औषधकंपन्यांना अशा स्वस्त उपायात फायदा नसतो, म्हणून त्याची चाचणी सार्वजनिक किंवा दानाच्या पैशावरच होऊ शकते.

औषधांच्या खरेदीतही असेच आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी ४० औषधे एकत्रित खरेदी केली, तेव्हा खर्चात सुमारे ८२ टक्के बचत झाली. याचा देणगीदारासाठी अर्थ स्पष्ट आहे. एखाद्या रुग्णासाठी बाहेरच्या दुकानातून महागडे औषध घेऊन देण्यापेक्षा तोच पैसा रुग्णालयाच्या रुग्ण साहाय्य निधीत गेला, तर जास्त लांब जातो. रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक हे काम करतात. कोणाला काय कमी पडते आहे याची खरी यादी त्यांच्याकडे असते.

गाठ लवकर सापडावी म्हणून

पहिल्या सांध्याकडे परत येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी स्तनांची तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ०.९ टक्के होत्या. शंभरात एकही नाही.

यावर मॅमोग्राफीच्या गाडीचे शिबिर हा लोकप्रिय उपाय. पण मुंबईत १९९८ पासून झालेला एक प्रयोग वेगळे सांगतो. वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर तो झाला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सर्व वयोगट एकत्र धरले तर मृत्यूंतील घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकवलेले हात.

हे हात आपल्याकडे आहेत. आशाताई घरोघरी जातात, तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीचा कार्यक्रमही सरकारच्या कागदावर आहे. कमी आहे ती तपासणीनंतरची साखळी. शिबिरात दहा बायकांना पुढच्या तपासणीला जायला सांगितले आणि त्यांतल्या दोघीच गेल्या, तर शिबिराचा फलक आणि छायाचित्रे उरतात, बाकी काही नाही. म्हणून शिबिराला पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : ज्यांना गाठ सापडेल, त्यांच्या बायोप्सीचा आणि तिथवर नेण्याचा खर्च कोणी धरला आहे का? नसेल, तर आपली देणगी तिथेच द्यावी.

उपचार संपल्यानंतर

तिसरा सांधा सर्वांत दुर्लक्षित. उपचार संपले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि बाई एकटी पडते. काखेतील गाठी काढल्यामुळे काहींच्या हाताला सूज येते. तिच्यासाठी दाबाचा बाह्या आणि व्यायाम शिकवणारे कोणीतरी लागते. ज्यांचा आजार संप्रेरकांवर वाढणारा असतो, त्यांना पाच, कधी दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. गोळी स्वस्त आहे, पण ‘आता बरे वाटते’ म्हणून सुटते. तिची आठवण करून देणारा माणूस गोळीपेक्षा दुर्मीळ असतो.

आणि स्तन काढलेल्या बाईचा ब्लाउज. हा विषय आपल्या घरात कोणी काढत नाही. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग आणि आपल्या दमट हवेत घामाने नकोसा होणारा. अमेरिकेत २०११ च्या सुमारास सुती धाग्याचे विणलेले स्तन मोफत देण्याची चळवळ सुरू झाली. मुंबईतील साइशा इंडिया फाउंडेशनच्या स्वयंसेविका तसेच काम करतात. क्रोशाची सुई चालवता येणाऱ्या बायका रोह्यात आणि पेणमध्ये किती असतील, याची गणतीच करायला नको. हे दान पैशाचे नाही, दुपारच्या दोन तासांचे आहे.

बऱ्या झालेल्या बाईने नव्या रुग्णाला भेटावे ही कल्पनाही जुनी आहे. टेरेसे लासर या अमेरिकन बाईंनी शस्त्रक्रियेनंतर १९५२ मध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला आणि तो जगभर पसरला. डॉक्टर सांगतात ते पटते, पण ‘मला झाला होता, बघ, मी आता शेतात जाते’ हे ऐकल्यावर धीर येतो.

फितीचा रंग

गुलाबी फितीचीही एक गोष्ट आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस शार्लट हेली नावाच्या अमेरिकन बाई घरी बसून फिकट नारिंगी फिती बनवत आणि सोबत एक पत्र जोडत. सरकार कर्करोगावर करत असलेल्या खर्चापैकी फार थोडा भाग प्रतिबंधावर जातो, अशी तक्रार त्या पत्रात असे. एका मासिकाने आणि प्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मागितली. व्यापार नको म्हणून हेलींनी नकार दिला. मग १९९२ मध्ये रंग बदलून गुलाबी फीत आली, तक्रारीशिवाय. ऑक्टोबरच्या जागृती मोहिमेची सुरुवातही १९८५ मध्ये टॅमॉक्सिफेन बनवणाऱ्या औषधकंपनीच्या सहभागाने झाली होती. जागृती वाईट नाही. पण गुलाबी वेष्टनातील वस्तू विकत घेणे म्हणजे दान नव्हे. किमतीतील किती रुपये कोणत्या संस्थेला जाणार हे वेष्टनावर लिहिले नसेल, तर वस्तू हवी असेल तरच घ्यावी आणि देणगी वेगळी द्यावी.

देणगी देताना साध्या चौकशा कराव्यात. विश्वस्तसंस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, तिने दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब द्यायचा असतो. ‘८०-जी’ची करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोखीने देऊ नये, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही हेही लक्षात ठेवावे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आवाहनात खाते कोणाचे आहे, रुग्णालयाचे की व्यक्तीचे, हे पाहावे. मदत घेणाऱ्या बाईचे छायाचित्र मागू नये. तिने आजार घरातल्यांपासून लपवलेला असतो, तो आपल्या वर्तमानपत्री बातमीतून उघड होणे हे मदतीचे मोल म्हणून फार जास्त आहे.

भाऊबीज

धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या गावासाठी, दापोलीजवळच्या मुरूडसाठी, ‘मुरूड फंड’ काढला होता. मुंबईला नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांनी मिळकतीचा लहानसा हिस्सा नेमाने द्यायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे त्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने ‘भाऊबीज निधी’ सुरू केला. स्वयंसेवक घरोघरी जाऊन संस्थेतील बहिणींसाठी ओवाळणी मागत. या निधीत मोठे आकडे नव्हते; दरवर्षी, ठरल्या वेळी, पुष्कळ घरांतून येणारी लहान रक्कम होती. संस्था तिच्या भरवशावर पुढच्या वर्षाचे नियोजन करू शकत असे.

स्तनांच्या कर्करोगाची वाट वर्षभराची आणि नंतरच्या पाच-दहा वर्षांची असते. तिला एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा असा नेमाने येणारा पैसा जास्त उपयोगी पडतो. रोहा-अष्टमीसारख्या गावात पन्नास घरांनी भाऊबीजेची एक ओवाळणी बाजूला काढली आणि ती फक्त तीन कामांसाठी ठेवली, म्हणजे निदानापर्यंतच्या तपासण्या, शेकाच्या दिवसांतील मुक्काम आणि नंतरच्या बाह्या-गोळ्या, तर वर्षाला काही बायकांची वाट तरी तुटणार नाही. त्यासाठी नवी संस्था काढावी लागत नाही. आशाताईला विचारायचे, गावातील विश्वासाच्या दोन बायकांकडे वही द्यायची आणि वर्षाअखेरीस ती वही सगळ्यांसमोर वाचायची, नावे वगळून.